टोचलेलं कळतंय का

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. सुखरूप पोचलीस हे आईकडून कळलं. हात गळ्यातल्या झोळीतच ठेव. झोळी काढून भांडी घासायला बसशील, मी तुला ओळखून आहे.

तू गेल्यावर वॉर्डात सगळ्यांना चुकल्यासारखं होतंय. मनगटाचं हाड जोडणं चालू असताना पेशंट भूल देणाऱ्या डॉक्टरला कोटाची कॉलर कशी बसवायची ते शिकवतोय, असं आमच्याकडे पूर्वी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरचा तो जडशीळ हात डाव्या हाताने उचलून तू सिस्टरला विचारलंस, "हा कुणाचा राहिलाय इथे?" ते तर अजून सांगतात.

तेव्हा गडबडीत नीट समजावता आलं नाही म्हणून आता लिहिते. तुला पूर्ण झोपवलं नव्हतं. हाताच्या नसा खांद्यापाशी जिथून खाली उतरतात तिथे मी औषध सोडलं, त्याने तेवढा हात बधिर झाला. याला आम्ही ब्लॉक म्हणतो. नेहमीच्या औषधाचा असर दिवसभरात उतरतो आणि मग दुखणं सुरू होतं. आमच्या विभागप्रमुख सरांचं नवं औषध दोन-तीन दिवस टिकतं, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस पेशंटला न कळता निघून जातात. हाताच्या आणि पायाच्या ऑपरेशनना आम्ही ते देऊन बघतोय. निम्म्यांना जुनं, निम्म्यांना नवं. कुणाला कुठलं ते पेशंटलाही ठाऊक नसतं आणि मलाही नाही. सिरिंज दुसरीकडून भरून येते आणि चिठ्ठ्या पाकिटात बंद असतात. हे सगळं त्या कागदावर होतं. तू तो वाचला नाहीस. "तू वाचलायस ना, मग झालं," म्हणालीस आणि सही ठोकलीस.

आता काम तुझं. आमच्या सिस्टर अधूनमधून तुमच्या मेडिकलवाल्याच्या फोनवर तुला बोलावतील. बोटं हलतात का, मुंग्या येतात का, कुठे बधिर वाटतं का, असं विचारतील. जे असेल ते सांग. सरांनी राउंडला सगळ्यांसमोर सांगितलं, "या आपल्या घरच्या पेशंट." मला किती बरं वाटलं काय सांगू.

तुझी,
ठमी

१९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. अक्षर बघून हसू नकोस. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याने गिरवतेय. शाळेत मास्तरांनी डावा हात बांधून ठेवला होता, त्यांना आता दाखवायला हवं.

तुमच्या सिस्टरचा फोन आला. मेडिकलवाल्याने भर दुकानातून हाक मारली, "शिलाईवाल्या बाई, मोठ्या हॉस्पिटलातून फोन." दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, त्यातली निम्मी माझीच. सगळ्यांचे कान माझ्याकडे. सिस्टरने विचारलं, मी सांगितलं सगळं छान. ती म्हणाली, "मुंग्या?" म्हटलं, "घरातसुद्धा नाहीत." गोड हसली बिचारी.

दुखण्याचं म्हणशील तर नाहीच. एवढं हाड मोडलं, आत पट्टी घातली, स्क्रू मारले, पण दुखणं म्हणून नाही. शेजारीण म्हणते, "तुमची भाची जादूगार आहे." मीही मान डोलावते. बोटं प्लास्टरच्या बाहेर डोकावतात आणि माझ्याकडे बघत बसतात.

काम थांबलेलं नाही. काजं-बटणं आणि हातशिलाई शेजारणीच्या सुनेला देते, कापायचं काम मी सांगते तसं ती करते. शाळेच्या गणवेशांचा हंगाम यायचाय, तोवर हात तयार होईलच.

तू जेवतेस ना वेळेवर? ताई म्हणत होती, उभ्याने खातेस.

तुझी मावशी

१४ मार्च

प्रिय मावशी,

प्लास्टर निघालं असेल. हाडांचे डॉक्टर काय म्हणाले? बोटं आखडली असतील तर घाबरू नकोस, बांधून ठेवलेल्या हाताचं तसं होतंच. मऊ चेंडू दाबायचा व्यायाम कर.

इथे मोठी सभा झाली. सरांनी आतापर्यंतची हकिकत बाहेरच्या डॉक्टरांपुढे मांडली. सर बोलायला लागले की सगळे कागद खाली ठेवून ऐकतात. त्यांची आई एका ऑपरेशननंतर ओरडून ओरडून गेली. तेव्हा ते शिकत होते आणि दाराबाहेर उभे होते. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नाही. मग त्यांनी तुझी गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं, "एक शिवणकाम करणाऱ्या बाई" म्हणाले. जिचं पोट बोटांवर आहे अशी बाई आज काही तक्रार न करता घरी आहे, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे बसून तुझ्या वाटच्या टाळ्या घेतल्या.

एक गोष्ट मनात आहे, तुझ्याजवळ बोलते. एक रंगारी आलाय. घरं रंगवतो. कोपराचं ऑपरेशन झालं, जखम सुरेख भरली, पण त्याला मूठ उघडता येत नाही. ब्रश धरला की धरलेलाच राहतो, दुसऱ्या हाताने बोटं सोडवावी लागतात. सर म्हणाले, टेबलावर हात अवघडून राहिला असेल, प्लास्टर घट्ट झालं असेल, असं जुन्या औषधानेही कधीतरी होतं. तेही खरंच आहे. पण तो माझ्याकडे बघतो तेव्हा मला त्याची नजर चुकवावी लागते.

मग मी तुझा विचार करते आणि धीर येतो.

तुझी,
ठमी

२८ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. प्लास्टर निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले हाड असं जुळलंय की मोडलं होतं हे सांगावं लागेल. त्यांना हाडाशी मतलब. बोटांकडे बघून म्हणाले, "येतील हळूहळू." म्हणजे सगळं ठीकच आहे.

परवा एक गंमत झाली. इस्त्री करत होते. कुठून तरी जळल्याचा वास यायला लागला. म्हटलं, गेला कोट. कोट उचलून बघितला तर चांगला. तार जळाली का बघितलं, तीही नाही. मग खाली बघितलं तर इस्त्रीला माझी करंगळी टेकलेली. मेडिकलवाल्याने मलम दिलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं लक्ष कुठे असतं?" मी म्हटलं, "भाचीच्या लग्नाकडे." तेव्हा आता माझी लाज राख आणि कुणीतरी बघ.

तो रंगारी मनातून जात नाही माझ्या. त्याचं पुढे काय झालं? आणि असं झालं तर ते परत येतं का ग? कुणाला किती दिवसांत येतं? मी आपलं सहज विचारते. आमच्या गल्लीत एकाला असंच काहीतरी झालंय म्हणून.

सिस्टरचा परत फोन आला होता. मी सांगितलं, छान आहे.

तुझी मावशी

१६ एप्रिल

प्रिय मावशी,

करंगळी जपून. मलम रोज लाव. कामाच्या नादात तुझं कधी भान असतं? आई म्हणते, लहानपणीही तू पायात काटा घेऊन बाजारभर फिरायचीस.

तुमच्या गल्लीतल्या माणसाला सांग, नस दुखावली असेल तर ती परत वाढते, पण फार सावकाश. महिन्याभरात जेमतेम अंगठ्याच्या रुंदीइतकी. खांद्यापासून बोटांपर्यंत यायला दोन-दोन वर्षं निघून जातात, आणि कधी कधी ती वाट चुकते. त्याने चांगल्या डॉक्टरला दाखवावं, गप्प बसू नये.

रंगाऱ्याचा हात तसाच आहे. आता एक शाळामास्तर आलेत, त्यांच्या बोटांतून खडू गळतो. म्हणाले, "मुलं हसतात, मीही हसतो." मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, नवे पेशंट घेणं थोडं थांबवू या, पाकिटं उघडू या. सरांनी मला बसवलं, स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला. म्हणाले, "एवढ्या पेशंटांत दोन. पाकिटं उघडली की सगळी मेहनत पाण्यात. तुम्ही घाबरताय, कारण ते दोघे तुमच्यासमोर उभे राहतात. जे बरे झाले ते घरी असतात, ते दिसत नाहीत. तुमच्या मावशींचा हात बघा. त्याच औषधाच्या अभ्यासात आहेत ना त्याही?"

मावशी, तुझा हात बरा आहे हे खरंच होतं. मी ग्लास ठेवला आणि बाहेर आले.

दुसरी बातमी म्हणजे आईचा गुडघा. तारीख मिळाली, पुढचा गुरुवार. इतकी वर्षं ती ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती, आता स्वतः म्हणते, "धाकटीचा हात एवढा सुरेख झाला, मला कसली भीती? तेच दे मला." पायाच्या ब्लॉकसाठी मांडीच्या मागे सुई घालावी लागते. सर म्हणाले, घरच्या माणसाला आपण देऊ नये, पण आईला मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. सुई मीच घालणार आहे.

तू आलीस तर तिला बरं वाटेल. पण हंगामाचे दिवस आहेत, ओढाताण करू नकोस.

तुझी,
ठमी

गुरुवार, २४ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. दारातच उघडलं. वाचता वाचता ताईच्या गुडघ्यापाशी आले आणि आज गुरुवार आहे हे लक्षात आलं.

चपला न घालता मेडिकलवाल्याकडे धावले. फोन लागला, तिकडचा माणूस म्हणाला, "डॉक्टर थिएटरमध्ये आहेत, निरोप द्या." मी म्हटलं, "तिला बाहेर बोलवा." म्हणाला, "बोलवता येत नाही." तेव्हा मी भर दुकानात, सगळी गिऱ्हाइकं ऐकत असताना, ओरडून सांगितलं, "लिहून घ्या. म्हणावं मावशीचा हात गेलाय. पहिल्या दिवसापासून गेलाय. आईला सुई घालू नकोस." त्याने ते परत वाचून दाखवलं. मग फोन ठेवला.

तो निरोप तुला पोचला का ते मला कळायला मार्ग नाही. परत दोनदा फोन केला, कुणी उचलत नाही. म्हणून लिहायला बसले. बसून राहवत नाही.

ठमे, तुम्ही हात बधिर केलात तो जागा झालाच नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट थोडं थोडं हलतं. करंगळीकडचा अर्धा हात मेल्यासारखा आहे. सुई धरता येत नाही, धरली तर पडलेली कळत नाही. गल्लीतला तो माणूस म्हणजे मीच. प्लास्टर निघून महिना होत आला तरी मी डाव्या हाताने लिहितेय, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? की मीच येऊ नये असं लिहीत होते?

का खोटं बोलले ते सांगते. पहिल्यांदा फोन आला तेव्हा दुकानात माझी गिऱ्हाइकं उभी होती. शिंपिणीची बोटं गेली असं त्यांच्या कानावर गेलं असतं तर कापड दुसरीकडे गेलं असतं. मनात म्हटलं, चार दिवसांत येईल हात, कशाला बोभाटा. मग तुझं पत्र आलं, तुला टाळ्या मिळाल्याचं. त्यानंतर मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. माझ्या एका करंगळीने तुझं सगळं विस्कटायचं, एवढी ती मोठी वाटली नाही मला.

माझ्या छान म्हणण्यावर कुणी उद्या टेबलावर चढेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशप्पथ आलं नाही. मला काय वाटलं, माझा हात म्हणजे माझं मी बघून घेईन.

ताई कशी आहे? एका ओळीचं का होईना, पत्र टाक.

मावशी

३० एप्रिल

प्रिय मावशी,

तुझा निरोप मला मिळाला. थिएटरच्या दारात, कागदाच्या कपट्यावर. तेव्हा आईचा गुडघा उघडलेला होता. सुई सकाळीच घातली होती. औषध आत सोडताना आई मला म्हणाली, "काही कळतसुद्धा नाही ग." मला अभिमान वाटला होता.

कपटा वाचून मी परत आत गेले. दुसरं काय करणार होते? आईच्या डोक्यापाशी बसले. तिने विचारलं, "कुणाचं काय आलं?" मी म्हटलं, "मावशीचं. विचारत होती, कशी आहेस."

गुडघा उत्तम झालाय. पण पाऊल उचलत नाही. गुडघ्याखालची बाहेरची बाजू आणि पावलाची पाठ, तिथे तिला काहीच जाणवत नाही. उभं केलं की पाऊल खाली लोंबतं, चालवलं की फरशीवर घासत येतं. तो आवाज मला घरी आल्यावरही ऐकू येतो.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते, तुझ्यावर मी रागावले होते. तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. इस्त्रीचं पत्र वाचताना कळलं की तू सगळं सांगितलंच होतंस, मीच वाचलं नव्हतं. मी भूल देणारी डॉक्टर. बोट भाजलं आणि वासाने कळलं असं कुणी परक्या माणसाने सांगितलं असतं, तर त्याच दिवशी मी त्याला बोलावून घेतलं असतं. मला तुझा हात बरा हवा होता.

शुक्रवारी सरांकडे तुझा निरोप घेऊन गेले. त्यांनी वाचला. मग शांतपणे म्हणाले, "त्यांनी तर प्रत्येक वेळी छान सांगितलंय. तेच नोंदलेलं आहे." मी म्हटलं, "सर, पाकिटं उघडा." ते म्हणाले, "अजून नाही." तेव्हा मी हॉस्पिटलच्या तपास समितीला लिहिलं, रंगाऱ्याचं, मास्तरांचं, तुझं, आईचं. समितीने नवे पेशंट घेणं थांबवलंय आणि तुम्हा चौघांची पाकिटं उघडली. चौघांतही नवं औषध.

पुढच्या आठवड्यात समिती पेशंटना स्वतः बघणार आहे. मास्तर येणार नाहीत, नोकरी जाईल म्हणतात. रंगारी येतोय. तू येशील का? मी आग्रह करत नाही. आता मला कुणाला काही सांगायचा हक्क आहे असं वाटत नाही.

ठमी

२ जून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. ठमी लिहिणार होती, पण मीच म्हटलं की या वेळी मी लिहिते.

काल समितीचा निकाल आला. अभ्यास कायमचा बंद. सगळ्यांची पाकिटं उघडली आणि घरोघर माणसं पाठवली, तेव्हा असे आणखीही पेशंट निघाले. कुणी झोपेत हात खाली राहिला म्हणून गप्प होतं, कुणी वयामुळे असेल म्हणून. एक बाई म्हणाल्या, डॉक्टर इतके चांगले वागले, त्यांना काय नाव ठेवायचं. तू समितीच्या खोलीत जाऊन हात टेबलावर ठेवलास आणि "बघा, भाजलेलं आहे, मला कळलं नव्हतं" एवढंच बोललीस, ते तिथल्या एका डॉक्टरने ठमीला सांगितलं. तो म्हणाला, त्यानंतर कुणी फार प्रश्न विचारले नाहीत.

सर रजेवर गेलेत. जाण्याआधी घरी आले होते. माझ्या पायाकडे बघितलं, बसले नाहीत. ठमी म्हणते, ते औषध दुसरीकडे कुठेतरी पुन्हा सुरू होणार असं कानावर आलंय, दुसऱ्या कुणाच्या हाताखाली. तिथल्या लोकांना हे कोण सांगणार, आणि सांगितलं तर ते ऐकणार का, कोण जाणे.

माझ्या पावलाला पट्टी लावून दिलीय, तिच्या आधाराने घरातल्या घरात चालते. ठमी हॉस्पिटलात जाते. महिनाभर तिने सुई हातात धरली नाही. धरली की बोटं थांबायची. तिच्या हातांना काही झालेलं नाही ग, तरी थांबायची. गेल्या आठवड्यापासून पुन्हा काम करायला लागली आहे.

आता जे लिहायला बसले ते. तू इथे चार दिवस राहिलीस, माझे पाय चेपलेस डाव्या हाताने, रोज रडलीस, आणि मी तुला एकदाही म्हटलं नाही की जाऊ दे. मला म्हणवेना. माझा राग होता तुझ्यावर. एक शब्द खरा बोलली असतीस तर माझा पाय माझा राहिला असता, हेच रात्रंदिवस डोक्यात होतं. त्यात खोटं काही नाही, आणि तो राग अजून पुरता गेला आहे असंही मी लिहिणार नाही.

पण एक गोष्ट तुला तोंडावर सांगायची मला लाज वाटली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सर राउंडला आले. मागे सगळी पलटण, आणि माझ्या पायथ्याशी ठमी उभी, तोंड पांढरंफटक. सरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "एकदम छान." तुझा निरोप काय होता ते तेव्हा मला ठाऊक होतं. ठमीने आदल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं, तुझ्या हातासकट. तरी मी छान म्हटलं. पोरीचं तोंड बघवेना.

मग ठमीने चादर बाजूला केली, हातात टाचणी घेतली आणि मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, "आई, टोचलेलं कळतंय का ते सांग." मी डोळे मिटले. म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आता?" मी म्हटलं, "हो, हो, कळतंय की. जरा जोरातच टोचलंस."

मी डोळे उघडले. टाचणी तिच्या हातात होती, माझ्या पायापासून चांगली वीतभर लांब.

"आई," ती म्हणाली, "मी अजून टोचलंच नाहीये."

आता ती प्रत्येक पेशंटला आधी तसंच विचारते, न टोचता. कितीजण हो म्हणतात ते ऐकून मला झोप येत नाही.

तुझी,
ताई